समुद्र, मार्गे फैजपूर

एकतीस वर्षं चोपडा आगारात
चौकशीच्या खिडकीत बसलो.
जाळीत हाताच्या पंजाएवढं भोक,
त्यातून आत यायचं फक्त गावाचं नाव.
धडगाव? यावल? शिरपूरची शेवटची?
मी मान वर न करता सांगायचो.
गावं मला वेळेवरून ओळखू येतात,
तोंडावरून नाही.

रिटायर होऊन आठ महिने झाले, तेव्हा कोकिळा म्हणाली,
‘जलमभर लोकेस्ले वाट दखाडी,
आते आपले कथं जानं शे ते सांग.’

सराफाच्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान उलटं केलं,
पट्टीने रेघा मारल्या:
सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, अंतर, शेरा.
तिला समुद्र पाहिजे. साठीत आली, पाहिला नाही.
आणि त्याच्या आधी फैजपूर.

अगं, फैजपूर उगवतीला, समुद्र मावळतीला,
असा मार्ग कुठल्या पाटीवर नसतो.
‘मग पाटी रंगव,’ म्हणाली,
आणि दशम्यांसाठी दूध किती लागेल ते मोजत बसली.

फैजपूरला तिचे वडील कारखान्यात, उसाच्या काट्यावर.
कॉलेज दोन वर्षं झालं.
दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या महिन्यात
मी घोड्यावर बसून आलो.
ट्रंकेत तळाशी तर्कशास्त्राचं एक पुस्तक आहे,
वाचनालयाचा जांभळा शिक्का,
परत करण्याची तारीख बेचाळीस वर्षांपूर्वीची.
दिवसाला दहा पैसे दंड.
मी हिशेब करून दिला: पंधराशे तेहतीस,
लीप वर्षांचा एक रुपया वेगळा.
तिने तेवढे पाकिटात घातले. हसली नाही.

तर दिवस पहिला: फैजपूर.
दुपारी सावद्याकडे, केळीच्या बागांतून, पायी.
(ही ओळ तिने घातली. पायी जाण्याला
सुटण्याची वेळ काय लिहायची, कळेना. जागा सोडली.)
दिवस दुसरा: उलटे फिरून शिरपूर.
भाचा लोकेश इंजिनिअरिंगला,
होस्टेलचं जेवण पाण्यासारखं, म्हणून
वांगी भाजून न्यायची, कळण्याच्या भाकरी,
आणि तो ‘मामी, इथे नको ना’ म्हणेल
तेव्हा गेटाबाहेरच्या टपरीवर बसायचं.
टपरीवरची पोरं कशी बोलतात ते तिला ऐकायचंय.
कान देऊन ऐकणार, मला ठाऊक आहे,
वर्गात बसल्यासारखी.

दिवस तिसरा: अमळनेर. तिथून रेल्वे.
नंदुरबार, नवापूर, मग गुजराती पाट्या.
सुरतेच्या पुढे माझं वेळापत्रक संपतं.
तिथे मी पेन्सिलीने लिहिलं: विचारणे.

सावखेड्याच्या पुलावर मात्र गाडी थांबवायची आहे.
थांबा नाही तिथे, मी सांगून पाहिलं.
तिला तापीचं पाणी घ्यायचंय बाटलीत,
समुद्रात ओतायला.
वेडी का, ती तिकडेच चालली आहे!
‘चालनी शे,’ ती म्हणाली, ‘पन मधमा धरनं कितली.
इनं पानी कवय पोचाव? एक बाटली तरी रेल्वेनं जाऊ दे.’

अंतराच्या रकान्यात मी काही लिहिलं नाही.

काल आगारात गेलो.
आत जायला हरकत नव्हती, शिपाई ओळखीचा,
पण रांगेत उभा राहिलो, बाहेरून.
भोक फार खाली आहे.
कंबर वाकवल्याशिवाय तोंड तिथवर पोचत नाही.
एकतीस वर्षं लोक माझ्यासमोर वाकून बोलले
आणि मला वाटलं, खेड्यातली माणसं, अदबशीर.

वाकलो.
आतली मुलगी मोबाइलवर काही जुळवत होती.
फैजपूर, म्हटलं.
‘सहा चाळीस,’ तिने मान वर केली नाही,
‘पुढे कुठे?’

हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.
मागून एक बाई पिशवीने ढकलत होती.