हवा ओढतेय

डिसेंबरात फैजपूरला पहाटे
केळीच्या बांधावर धूर केलेला असतो,
थंडीनं पानं करपू नयेत म्हणून.
त्या धुरातून मी राजदूत ढकलत आणली
यावल रोडला, लुकमान तडवीच्या टपरीपुढे.

सावद्याच्या मेकॅनिकनं रिंगा बदलल्या होत्या.
भुसावळच्यानं कार्बोरेटर तीनदा धुतला
आणि वर सल्ला दिला, भंगारात द्या सर.
मी सर. वय एकावन्न, विषय भूगोल.
लुकमानभाई मला पोर्‍या म्हणतात.

काय करते?
मी ओरडून सांगितलं, त्यांना कमी ऐकू येतं:
रेस सोडली तरी उतरत नाही,
फाट्याच्या चढाला खोकते,
चोक ओढला की शहाण्यासारखी चालते,
सोडला की पुन्हा तेच.

"चोकवर शहाणी," ते म्हणाले,
"म्हणजे उपाशी व्हय."

प्लग काढला.
धड इंजिनाचा प्लग असतो
चहात बुडवलेल्या टोस्टाच्या रंगाचा.
हा पांढरा, डबीतल्या चुन्यासारखा,
आणि कडेला दोन बारीक मणी, चकचकीत.
"पिस्टन वितळू राह्यला."
एवढंच बोलले, आणि प्लग
माझ्या तळहातावर ठेवला. अजून गरम होता.

टाकी, कॉक, जाळी, जेट, सगळं बघून झालं.
पेट्रोल येतं तेवढंच येतं.
हवाच जास्त जाते,
कुठून तरी चोरून जाते.

वारे जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतात,
हे मी सव्वीस वर्षं फळ्यावर काढतोय, बाणांसकट.
आपल्याच गाडीच्या पोटात
कमी दाबाचा पट्टा असेल
असं कधी मनात आलं नाही.

मग त्यांनी काढली गुरांच्या डॉक्टरकडची सिरिंज,
तीत थोडं पेट्रोल,
बाजूला ओल्या वाळूची बादली.
"फट असंन तिथं हे आत ओढलं जाईन. आवाज खाली बसंन.
तो तू आइक.
माह्यावाले कान गेले ते बिनसायलेन्सरच्या गाड्यांमधी."

चाळीस वर्षं जो माणूस
रस्त्यावरून गेलेली गाडी पाठमोरा ओळखायचा,
तो माझ्या तोंडाकडे बघत बसला उकिडवा.

कार्बोरेटरच्या जोडावर एक थेंब. काही नाही.
हेडच्या पॅकिंगवर. काही नाही.
बुडाशी, जिथं दोन अर्धे मिळतात, तिथं पुसून दोनदा.
काही नाही.
इंजिन आपलं किंचाळतंय,
आणि मला भीती, की बदल होईल
आणि नेमका मलाच कळणार नाही.
वर्गात पोरं कुजबुजतात ते कळतं मला,
हे कळेल का?

मॅग्नेटोचं झाकण उघडलं. चाकामागच्या अंधारात
सुई तिरपी घालून एक थेंब.

बसला.
रडून रडून थकलेलं पोर
एकदम खांद्यावर मान टाकतं, तसा.

"आता!" मी ओरडलो.
ते त्यांना ऐकू गेलंच नाही.
माझा हात वर गेलेला दिसला
आणि त्यांनी बटण दाबलं.

सील. रबराचं कडं, चपटं,
ओठ कडक होऊन तडकलेला.
पंचेचाळीस रुपयांचं,
पण भुसावळला मिळालं नाही, जळगावहून आणावं लागलं,
आणि मधला रविवार तसाच गेला.

मंगळवारी संध्याकाळी किक मारली.
लुकमानभाईंनी टाकीवर पंजा ठेवला, डोळे मिटले.
"हाताला बरी वाटते," म्हणाले. "तुला कशी वाटते?"

कशी वाटते?
ज्याला ऐकू येत नाही
त्याला आवाज कसा सांगायचा?
मी शब्द शोधत उभा,
पलीकडे नाश्त्याच्या गाडीवर घाणा चाललेला.
"कढईत शेव पडते ना," मी त्यांच्या कानाशी म्हणालो,
"तशी. तडतड करत."

ते हसले. खिशातला पेचकस काढला.
"मंग तेल अजून जास्त तापेल हाय.
हवेचा स्क्रू अर्धा आटा आत घे.
तू घे. अन् आइकत राह्य."