हातचा एक

दोन प्रदर्शनांच्या मधले नऊ दिवस माझे.
आधीची चित्रं खोक्यांत गेलेली, पुढची अजून बोटीवर,
दालनात फक्त मी, शिडी नि लांबीचा डबा.

भोकं भरतो.
कोणतं भोक कुणाचं, पाठ आहे मला.
दारापाशी बोटभर रुंद आहे ना, तिथे सेऊलच्या बाईंचा बर्फ टांगला होता,
रात्रंदिवस जस्ताच्या घमेल्यात ठिबकायचा.
हेलसिंकीहून आलेले समीक्षक त्याला काळ म्हणाले.
घमेलं मी उपसायचो.

कोपऱ्यातली चार बारीक भोकं प्रोजेक्टरची:
गोठलेल्या आखातावर एक माणूस उलटा चालायचा
अडतीस मिनिटं, मग पुन्हा पहिल्यापासून.
शाळेची पोरं पाहून गेली
आणि बसपर्यंत सगळी उलटी चालत गेली.
त्या प्रदर्शनाचं एवढंच कळलं मला,
पण पक्कं कळलं.

बारा वर्षं लांबी, वर पांढरा, पुन्हा पांढरा.
पांढऱ्यातही घराणी असतात:
रीत्वाबाईंना निळसर लागतो,
आधीच्या संचालकांना सायीसारखा लागायचा.
स्विचच्या चौकटीपाशी पापुद्रा सुटतो, तिथे थर मोजता येतात.
टेप लावून पाहिली एकदा.
दालन तीन मिलिमीटर आत आलंय.
कुणाला बोललो नाही,
उगाच नकाशे बदलत बसतील.

इथे कागद असायचा, टनांनी.
गिरणी बंद झाली तरी वास चार वर्षं राहिला.
तोही गेला, मग कलाकेंद्र आलं.

यंदाच्या हिवाळ्यात वालपरायझोची मारिसेल आली.
गिरणीची जुनी कपाटं तिने उघडवली,
आत कामगारांचे हातमोजे, कडक, तेलकट.
सहाशे बारा मोजे, सहाशे बारा खिळे,
तळवे आपल्याकडे.
दिवे लावले तेव्हा वाटलं
अख्खी रात्रपाळी हात वर करून उभी आहे.

गावातली माणसं आली,
बर्फाला न आलेली, उलट्या चालीला न आलेली.
टोप्या काढून भिंतीजवळून हळूहळू सरकायची,
जत्रेत हरवलेलं पोर शोधावं तशी.

आउने हाक्काराइनेन दर गुरुवारी यायची.
गुरुवारी तिकीट नसतं.
घडीचं स्टूल उघडून
हीटरपासच्या तिसऱ्या रांगेसमोर बसायची.
तिथे एक मोजा होता, अनामिका कापून शिवलेली,
निळ्या दोऱ्याने, दुहेरी टाक्यात.
वेइक्कोचं ते बोट एकाहत्तर साली रिळांनी घेतलं;
माझे वडील शेजारच्या यंत्रावर होते, म्हणून ठाऊक.
रिकामं बोट पुन्हा अडकू नये म्हणून ते टाके.
तपकिरी दोरा संपला असेल घरात.

तिने कधी काही मागितलं नाही.
तिच्या पिशवीतल्या पावाला वेलदोड्याचा वास यायचा.
एकदाच विचारलं, “रात्री हीटर बंद करता का हो इथला?”
“नाही,” म्हणालो.
करत होतो.
त्या रात्रीपासून नाही केला.

काल प्रदर्शन उतरवलं.
विम्याचा कागद, दोन सह्या, मोजणी.
उत्तरेची भिंत: तीनशे आठ.
हीटरची भिंत: तीनशे तीन.
रीत्वाबाई चष्मा पुसत उभ्या होत्या,
बराच वेळ पुसत होत्या.

आठ नि तीन अकरा.
अकरातला एक खाली.
हातचा एक.

कागदावर सहाशे बारा लिहिले,
खोक्याला पट्टी मारली,
आणि लांबी कालवायला घेतली.