कारण निवडा

रासयच्या यार्डात, झुआरीच्या काठी,
स्लिपवर ओढून ठेवलेली एक फेरीबोट
आणि तिच्या नावाने माझ्या पडद्यावर
वर्क ऑर्डर चव्वेचाळीस एकाहत्तर.
कामं दहापासून सत्तरपर्यंत,
दहा-दहाच्या टप्प्याने,
मागाहून काही आठवलं तर घुसवायला जागा ठेवून.

तीस नंबर: शाफ्टचं मागचं बेअरिंग.
ते राजकोटहून निघालंय म्हणतात,
गेला आठवडाभर निघतंच आहे.
मी तिसावर होल्ड ठेवते.
अख्ख्या ऑर्डरवर नाही, नुसत्या तिसावर.
अख्खी थांबवली तर विसावरचे रंगारी
ब्रश धुऊन घरी जातील,
आणि गंज काही होल्ड मानत नाही,
तो रविवारीही हजेरी लावतो.

ओळ पिवळी होते.
तिच्यामागे चाळीस आणि पन्नास आपोआप फिकट.
मग खिडकी उघडते: कारण निवडा.
सुटा भाग नाही. माणूस नाही.
परवाना नाही. पैसे नाहीत.
(चौथं निवडलं की पाच मिनिटांत
अकाउंट्समधून नार्वेकरांचा फोन.)

कायतान फिटरला हा सगळा पोरखेळ वाटतो.
तो शाफ्टवर खडूने फुली मारतो,
स्विचला स्वतःचं कुलूप घालतो
आणि किल्ली गळ्यात, खुरसाच्याच दोऱ्यात.
"बाय, तुजो हळदुवो रंग हात राखना."
डाव्या हाताची दोन बोटं तो
दुसऱ्या एका यार्डात ठेवून आलाय.
मी वाद घालत नाही.

बेअरिंग आलं. तीस सुटलं,
चाळीस, पन्नास उजळले,
साठावर सर्व्हेअर चहा पिऊन सही करून गेला.
उरलं सत्तर: बोट पाण्यात सोडणे.
त्याला पाणी लागतं,
अमावस्येचं, खालच्या खुंट्याच्या हातभर वर.
यादीत पाणी नव्हतं.
मी पुण्याला हेड ऑफिसात लिहिलं:
कृपया एक कारण वाढवावे – भरतीची वाट.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं,
मनुष्यबळ विभागाकडून.
भरती सध्या बंद आहे.
मार्चनंतर विचार होईल.

कायतानला वाचून दाखवलं.
तो आधी नदीकडे बघत राहिला,
मग इतका हसला की उभा होता ती फळी हलली.
"मार्चाक? न्हंयेक सांगूंक जाय."

मी पुन्हा लिहिलं, भरती म्हणजे समुद्राची.
यावर कुणी काही बोललं नाही.
शेवटी सत्तरावर होल्ड ठेवला,
कारण: माणूस नाही,
त्यातल्या त्यात जवळचं तेच.
अपेक्षित तारीख घातल्याशिवाय खिडकी मिटत नाही,
ती पंचांगातून काढली.
थांबलेले तास मोजले जाऊ लागले,
महिन्याच्या अहवालात ते माझ्या नावावर पडतात.
"थांबूंक ना ती, बाय. वाट पळयता."
या दोहोंसाठी पडद्यावर रंग एकच आहे.

अमावस्येच्या रात्री साडेअकराला
नेट गेलं आणि पाणी आलं.
कायतानने पाचर ठोकून काढली.
बोट जरा वेळ नाही म्हणाली,
मग लाकडं करकरली, आणि गेली.
ऑफिसात मात्र ती सकाळपर्यंत
स्लिपवरच होती,
पिवळी.

एप्रिलात पुण्याहून पत्र: एक जागा मंजूर.
सांग्याकडचा एक मुलगा आला, विशांत गावकर,
इस्त्रीच्या घड्या तशाच असलेल्या शर्टात.
मॅडम, माझं काम काय?

स्लिपवर तेव्हा दुसरी बोट होती.
मी त्याला खाली नेलं, खुंटा दाखवला.
म्हटलं, इथे उभा राहा.
हातभर वर आलं की हाक मार.