नऊ छेद सोळा

वडिलांनी बहरीनहून सोनं आणलं नाही.
बावीस वर्षं क्रेनवर बसून त्यांनी आणली
एकोणसत्तर सालची डॉज,
लाल, दोन दारांची, आठ सिलिंडरांची,
आमच्या पाणंदीपेक्षा रुंद.
आई म्हणाली, ही दूध किती देते?

देवगडात ती एकूण चार वेळा धावली.
मग कलमांच्या मांगरात, ताडपत्रीखाली गेली.
कोंबडीनं सीटवर अंडी घातली,
आणि खाऱ्या वाऱ्यानं, दारांच्या खालच्या कडेपासून सुरुवात करून,
तिला सावकाश खाल्लं.

मी गणित शिकवते, सातवी ते दहावी.
वडिलांचं स्मारक-बिमारक मला करायचं नव्हतं.
मला तो आवाज परत हवा होता
ज्यानं पाचवीत असताना माझे दात आतून हलले होते.

कोल्हापूरच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं,
मिटलं, आणि चहा मागितला.
रत्नागिरीचा म्हणाला, बोलेरोचं इंजिन टाकू, ॲव्हरेजपण मिळेल.
मुंबईच्या एकानं नुसतं येऊन बघायचे जे सांगितले
त्यात माझे दोन पगार जातात.
डोंबिवलीचा भाऊ: किलोवर दे.
पुण्याचा एक मुलगा आला, टेकून फोटो काढले,
आणि टेकला तिथला गंज पॅंटीवर घेऊन गेला.

आनंदवाडीच्या धक्क्यावर मी बांगडे आणायला गेले होते.
एका ट्रॉलरच्या पोटातून दोन पाय बाहेर आले,
मागाहून झिलू कोयंडे.
परत आत वाकला. लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनावर, दुसरं कानाला,
भिंतीपलीकडचं भांडण ऐकावं तसा.

मी विचारलं.
"मशीन ता मशीन," तो म्हणाला,
"पाण्यात चलला काय नि डांबरार चलला काय.
पण मी करूचंय नाय. तू करतलंस.
हात तुजे, कान माजे."

पहिल्या रविवारी त्यानं मला एक बोल्ट दाखवला.
दिवेलागणीला बोल्ट तिथेच होता.
दुसऱ्या रविवारी तो मुशीचं तेल घेऊन आला,
होडीच्या फळ्यांना लावतात ते.
रात्रभर प्रत्येक सांध्याला पाजलं,
आणि सकाळी अख्ख्या वाडीची मांजरं
बॉनेटवर ग्रामसभेसारखी बसलेली.
बोल्ट सुटला.

त्याचे पाने मिलिमीटरचे, हिची हाडं इंचांची.
सात छेद सोळा. एक छेद दोन. नऊ छेद सोळा.
वीस वर्षं मी मुलांना सांगत आले,
अपूर्णांक रोजच्या जगण्यात लागतात,
आणि माझं मलाच खरं वाटत नव्हतं.
आता पाठीवर पडून, दातांत बॅटरी धरून,
अर्धा आणि नऊ छेद सोळा यांतला फरक
मी अंगठ्यानं सांगते.

एकदा कार्बोरेटर उलटा बसवला.
झिलू काही बोलला नाही.
विडी पेटवायला पार माडापर्यंत गेला,
तो परत येईस्तोवर चूक मला सापडली होती.
तळाला पत्रा घातला बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजच्या दाराचा.
बुश लेथवर काढून दिलं इब्राहिम साटविलकरनं.
पैसे नकोत म्हणाला,
चालू करताना तेवढं मला बोलवा.

वर्गात मी नखं मुठीत ठेवायची.
नववीतली वैदेही तारी म्हणाली,
मॅडम, तुमच्या हाताला बंदराचा वास येतो.
मी हात पुढे केला.
तिनं हुंगला, ओळखीचा असल्यासारखा.

दिवाळीनंतरच्या तिसऱ्या रविवारी चावी फिरवली.
काही नाही. पुन्हा.
मग कौलांवरून माती गळली,
मांजरं वाट दिसेल तिकडे,
आई पिठाच्या हातांनी दारात,
आणि माझे दात, हो, आतून.

अकरा सेकंद.

झिलूनं स्क्रूड्रायव्हर कानापासून काढला.
"सातच बोलतत. आठवो गप हा."
सात छेद आठ, मी म्हटलं.
"बंद कर," तो म्हणाला. "आता सगळा परत खोल."

इब्राहिमला बोलवायचं राहूनच गेलं होतं.