साडेबाराचे सव्वाशे

श्चेचिनमध्ये नोव्हेंबरात चार वाजताच दिवे लागतात.
चौथ्या मजल्यावर, खिडकीपाशी
मी, बोग्ना. हुद्दा: कनिष्ठ प्रोग्रामर.
नोकरीचा सत्ताविसावा दिवस,
आणि अजून कोट खुंटीला लावत नाही,
खुर्चीच्या पाठीवर ठेवते.
‘निघा’ म्हणाले, तर
निघायला वेळ लागायला नको.

इथे सगळ्यांची बोटं कशी चालतात!
कॉर्डियन तर सफरचंद खात खात लिहितो,
एका हातानं.
मी एक ओळ लिहिते,
तीनदा वाचते,
खोडते,
मग तीच पुन्हा लिहिते.
मागून कुणी गेलं की पडदा झाकते,
शाळेत शेजारणीपासून उत्तर झाकायचे तसा.
फरक एवढाच, की तेव्हा
झाकायला उत्तर असायचं.

बैठकीत मान डोलावते.
न कळलेले शब्द तळहातावर टिपते
आणि ट्राममध्ये मूठ उघडते.
घामानं निम्मे पुसलेले असतात.

बाबा गोदीत वेल्डर होते,
गोदी होती तोवर.
बटाटे सोलताना त्यांनी विचारलं,
काय करतेस गं तिथे दिवसभर?
चुका, म्हटलं.
ते हसले नाहीत. साल लांबच लांब निघत राहिली.
मग म्हणाले, आमच्याकडे इरेना यायची,
जोड तपासायला, हातात खडू घेऊन.
तडा दिसला की गोल काढायची.
एकदा माझ्या एका जोडावर सात गोल!
मग?
मग काय, घासला. पुन्हा जोडला.
माझ्या कपाळावर थोडीच काढत होती ती गोल.

गुरुवारी बंदराच्या फाटकावर ट्रक अडकले.
बीट भरलेले, साधे, रोजचेच ट्रक,
आणि आमचा प्रोग्राम म्हणतो:
भार जास्त, पुलावर सोडता येणार नाही.
मागे रांग, भोंगे, फोनवर फोन.
कॉर्डियननं सफरचंद खाली ठेवलं.
फाइल कुणाची, ते कुणी विचारलं नाही.
मला माहीत होतं.
माझी.

दोन दिवस सगळे शोधत होते,
आणि मी शोधण्याचं सोंग करत
मनातल्या मनात राजीनामा लिहीत होते.
(त्यातलीही पहिली ओळ तीनदा खोडली.)

शनिवारी फ्रिजवर बाबांची यादी.
सुताराच्या जाड पेन्सिलीनं:
लोणी. मीठ. बटाटे 2,5 किलो.
अडीच.
दोन, स्वल्पविराम, पाच.

आम्ही इथे अपूर्णांक असाच लिहितो.
यंत्राला मात्र टिंब लागतं.
ड्रायव्हर बिचारे शाळेत शिकले तसं
साडेबारा टन लिहीत होते,
आणि माझी ओळ मधला स्वल्पविराम गिळून
वाचत होती सव्वाशे.

एवढंसं चिन्ह.
जरा थांब, इतकंच तर ते म्हणतं.
मी यादीसमोर उभी, हातात दुधाची बाटली,
आणि गुडघ्यांत हसू की रडू
काहीतरी भरलेलं.

सोमवारी सगळ्यांसमोर म्हटलं,
चूक माझी आहे. सापडली आहे.
आवाज पहिल्या वाक्याला कापला,
दुसऱ्याला कमी.
कॉर्डियननं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
दोन दिवस हीच ओळ वाचत होतो, म्हणाला,
मला दिसलाच नाही गं.
मग खुर्ची जवळ ओढून, हळूच:
तारखा कशा मोजायच्या,
ते मी अजून दर वेळी शोधून बघतो.
अकरा वर्षं झाली.
कुणाला सांगू नकोस.

दुपारी ट्रक सुटले.
मी नवी ओळ लिहिली. तीनदा वाचली.
खोडली नाही.
उद्या खोडीनही कदाचित, काय सांगावं;
परवा ती पुन्हा अडवेल कुणाला तरी,
आणि कुणीतरी तिच्याभोवती गोल काढेल.

सकाळी कोट खुंटीला लावला होता.
खुंटी ढिली, दोनदा पडला, तिसऱ्यांदा टिकला.
संध्याकाळी ओड्रावरून वारा सुटला,
ट्रामच्या थांब्यावर दात वाजले,
तेव्हा आठवलं:
कोट वरच राहिला.

पुन्हा चार मजले चढले.
दिवा अजून चालू होता.