लाल काटा

अप्पांच्या डोळ्यांवर साय धरलीय,
भिंग लावलं तरी धूरच.
म्हणून चौबाऱ्याजवळच्या आमच्या दुकानात
दुपारी, उदगीर पेंगत असताना,
मोबाइलवर विकायला ठेवलेली घड्याळं
मी त्यांना वाचून दाखवते.

'जुनं, दुर्मिळ, सगळे भाग मूळचे.'
'मूळचे म्हणं. काटे कुठवर पोचतात, सांग.'
मी दोन बोटांनी फोटो ताणते.
मिनिटकाटा रेघांच्या अलीकडंच थांबलाय,
फळीवरच्या डब्याला हात न पुरणाऱ्या पोरासारखा.
'उसना आहे. रेडियम?'
तबकडीवरचे ठिपके हळकुंडासारखे,
काट्यांतलं मात्र कोवळं, पोपटी.
'एका घरात राहून एकच पिवळा पडतोय व्हय?
वर किती खडे लिहिलेत?'
'सतरा.'
'पोटात?'
'पंधरा.'
अप्पा सुपारी या गालातून त्या गालात नेतात.
म्हणजे खटला संपला.

हैदराबादेत उस्तादाच्या हाताखाली सहा वर्षं काढलेला माणूस.
पहिलं वर्ष नुसतं ऐकण्यात गेलं म्हणे,
चिमट्याला हातही लावू दिला नाही.

काल एक मी एकटीनंच पकडलं.
जनता, पांढरी तबकडी, काळे आकडे,
न् सेकंदकाटा लालभडक.
'अप्पा, जनताला लाल काटा असतोय का?'
'नसतो.'
'मग भेसळ.'
'भेसळ,' म्हणाले, न् मग थांबले.
'झाकणाची आतली बाजू दाखवलीय का?'

दाखवली होती.
सुईनं ओरखडलेलं, मुंगीएवढं:
म. अ. ११-८-८६.
वाचून झालं तरी ते काही बोलेनात.
रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, मारतच होतं.

'देवणीच्या दवाखान्यातल्या रत्नमाला सिस्टर.
रात्रपाळीला कंदील.
नाडी मोजताना काळा काटा दिसंना,
म्हणून आल्या होत्या बसनं.
लाल काटा नव्हता माझ्याकडं.
गल्ल्याखाली एक मेलेलं घड्याळ पडलं होतं, त्याचा काढला.
भोक बारीक होतं, रुंद करता करता रात्र झाली.
पैसे घेतले का नाही, आठवत नाही.'

मी बघत राहिले त्या काट्याकडं.
बुडाशी जरा वाकडा,
बाकीच्या दोघांशी रंगानं, जातीनं
काही म्हणता काही जुळत नाही.
खाली कुणीतरी लिहिलंय:
'काटा बदललेला, किंमत कमी करा.'

'चालू आहे का गं?'
'फोटो आहे अप्पा.'
'ते कळतंय. काटा कुठं उभाय?'
'तेविसावर.'

त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं,
अंगठा बाजूला, तीन बोटं नाडीवर,
जशी सिस्टरनं तेव्हा
काटा बसवल्या बसवल्या त्यांचीच धरून बघितली असणार.

'मग सदतीस राहिलेत,' म्हणाले,
न् ओठांतल्या ओठांत मोजायला लागले.