चिंचोक्याची खळ

ग्वाल्हेरात चिंच म्हटलं
की लोक आपसूक गळ्याकडे बोट नेतात.
पाला चघळला की सूर लागतो म्हणे.
मी पाल्याच्या वाटेला गेले नाही.
मला हवे होते चिंचोके,
चोखून थुंकलेले,
अष्टाचंगात फाशांऐवजी फेकलेले,
दौलतगंजातल्या वाण्यानं हसत हसत तोललेले.

भाजायचे, टरफल पाखडायचं,
रात्रभर भिजवून वाटायचं, मग मंद आच.
हे मला कुठल्या शोधनिबंधानं शिकवलं नाही.
मोरूकाका जिन्सीवाले, बुकबाइंडर,
नई सडकेवर जिन्याखालच्या दुकानात
चाळीस वर्षं हीच खळ शिजवत आले,
कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून.
बोटावर घ्यायचे, अंगठ्यानं ताणायचे,
तार किती लांब जाते ते बघायचे.
"ही तुटली तर पुस्तक तुटेल."
तीही मोजणीच होती. आकडे तेवढे नव्हते.

माझ्याकडे आकडे आहेत.
शंभर मिली पाण्यात दोन ग्रॅम पूड,
ग्लिसरीन थेंब मोजून,
करवंटीचा कोळसा वस्त्रगाळ करून.
काचेच्या बशीत ओतते, चाळीस अंशांवर वाळवते.
पहिली पट्टी कुरडईसारखी कडकन मोडली.
चौथीला घाम फुटला, बोटाला सोडेना.
अकरावी
सोलून निघाली सायीसारखी,
काळी साय.
ताणली की वीज तिच्यातून अडखळत जाते,
सोडली की परत सरळ.
ते अडखळणं मोजायचं, एवढंच माझं शास्त्र.

गाइड म्हणतात, सिलिकॉन घे, वर्षानुवर्षं टिकेल.
पण गळ्यावर तीन दिवस लावायची वस्तू
नातवंडांच्या उकिरड्यावर कशाला पोचवायची?
माझी पट्टी मी कोरफडीच्या कुंडीत पुरली.
सहाव्या आठवड्यात उकरलं तर
कोळशाचा एक डाग, आणि गांडूळ.
खरं सांगायचं तर श्रावणात
ती कुंडीपर्यंत जायचीही वाट बघत नाही.
दमट हवेत तिचे आकडे खोटं बोलतात.
हे मी प्रबंधात लिहिलंय, तळटीपेत नाही, ठळक.

फेब्रुवारीत मोरूकाकांना झटका आला.
उजवा हात गेला. वाचा गेली.
आणि गिळणं,
ज्याच्याकडे कोणी कधी बघत नाही,
तेही अर्धं.
पाणीसुद्धा घट्ट करून चमच्यानं द्यायचं,
चुकलं तर फुप्फुसात.

परवानगीच्या कागदावर डावा अंगठा,
खाली गोदूकाकूंची सही, मोडीच्या वळणाची.
मी पट्टी कंठमण्यावर चिकटवली.
पडद्यावर रेषा सपाट.
नर्स म्हणाली, निगलो दादा.
सपाट.
मी वायर हलवली, जोड दाबला,
मनातल्या मनात अकरावीला शिव्या दिल्या.

काकांनी डावा हात उचलला,
पट्टीचं सुटं टोक चाचपलं,
बोट नाकाशी नेलं.
बराच वेळ तिथेच ठेवलं.
मी म्हटलं, "हो काका. चिंचच."

आधी जबडा हलला. तोंडाला सुटलं असावं.
मग रेषेनं उडी घेतली,
वाकडी, जेमतेम सेकंदभराची,
उतरताना थोडी खरवडलेली.
काकू पडद्याकडे नाही, त्यांच्या ओठांकडे बघत होत्या.
तिथे काही सांडलं नव्हतं.

मी टाळी वाजवणार होते.
तेवढ्यात काकांनी अंगठा आणि तर्जनी जुळवली,
हळूहळू लांब केली,
मधली नसलेली तार डोळे बारीक करून पाहिली
आणि मान हलवली:
नाही.
पातळ आहे.

वहीत लिहिलं,
नमुना बारा, पूड अडीच ग्रॅम.